स्मरणपत्र सातवे

विषय : राज्य शासनाचे उपकर वसूल केल्यापोटी
महापालिकेस देय खर्चाची प्रतिपूर्ती होणेबाबत.
संदर्भ : आमची सहा पत्रे. आपले एकही नाही.

(संदर्भातलं शेवटचं वाक्य साहेब खोडतील.
दर वेळी खोडतात. मी दर वेळी लिहितो.)

महोदय,
बिल एकच असतं.
त्यात आमच्या ओळी : पाणी, मलनिःसारण, झाडं, रस्ता.
आणि मधेच दोन ओळी तुमच्या,
राज्य शिक्षण उपकर, रोजगार हमी उपकर.
त्या दोन ओळींसाठी वेगळा माणूस हिंडत नाही,
असं आपले कक्ष अधिकारी फोनवर म्हणाले.
खरं आहे.
आमचा ऑस्कर लोबो एकाच फेरीत सगळं मागतो.
पण कोकण नगरच्या चढावर त्याला कुत्रं चावलं
ते नेमकं कुठल्या ओळीसाठी,
हे केसपेपरवर लिहिलेलं नाही.
पाच इंजेक्शनं. पावत्या सोबत जोडल्या आहेत.
चपलांची पावती नाही, म्हणून चपला धरल्या नाहीत.

भांडुपला खीमजी गालांचा गाळा आहे,
हो, आडनावच तसं.
डबे दाबायचं मशीन बंद करून
त्यांनी बिलावर बोट ठेवलं :
'रोजगार हमी? माझी चार पोरं गावाला गेली ती आलीच नाहीत.
आणि हे पैसे मी कोणाला देतोय?'
लोबोनं माझ्याकडे पाहिलं.
जप्तीची नोटीस घेऊन त्या दिवशी मीही सोबत होतो.
मी म्हणालो, शेठ, भरून टाका.

एवढंच म्हणालो.

म्हसवडच्या अलीकडे पाझर तलावाचं काम निघालं होतं
तेव्हा मी तिसरीत.
आई खडी फोडायची.
मी धाकट्याला काखेत घेऊन बाभळीच्या तेवढ्याशा सावलीत.
ब्रास भरला की मुकादम यायचा,
ढिगात काठी खुपसून म्हणायचा, पोकळी फार आहे,
आणि पोकळीचे पैसे कापायचा.
पगार शनिवारी. शनिवार कधी कधी बुधवारी यायचा.
'पैसं कुठनं येत्यात गं?' मी विचारायचो.
'ममईवरनं.'
मामा माझगावच्या गोदीत होता.
बरीच वर्षं मला वाटायचं, तोच पाठवतो.

आता पैशाची वाट मला तोंडपाठ आहे :
गाळ्यातून आमच्या काउंटरवर, काउंटरवरून बँकेत,
बँकेतून चलनानं तुमच्या कोषागारात.
पुढची मला दिसत नाही.
कधीतरी तिच्या टोकाला एक हजेरीपट होता
आणि त्यावर एक निळा अंगठा.
तो अंगठा आता आधारच्या काचेवर उमटत नाही.
निराधारच्या पगारासाठी आई तीनदा जाऊन आली.
ऑपरेटर म्हणतो, आजी, रेषाच नाहीत.

वरील दोन परिच्छेद टंकलेखनात घेऊ नयेत.

तरी, कायद्यात ठरलेल्या टक्केवारीनुसार होणारी रक्कम
चालू वर्ष संपण्यापूर्वी वर्ग करावी, ही विनंती.
ती पुढच्या वसुलीतून परस्पर वळती करून घेण्याची
आम्हाला मुभा नाही, याची जाणीव आहे.
गालांनाही नव्हती. त्यांनी शेवटच्या तारखेला चेक दिला,
मागच्या बाजूला लिहून : निषेधासह.
चेक वटला.

आपला विश्वासू,
(सहीला जागा सोडली आहे.)

जावकच्या टेबलावर कुंदा पाटकर चष्मा वर सरकवते.
'वाघमोडे, परत तेच?'
'तेच.'
'मागच्यावरच तारीख बदलली असतीस तर?'
ती क्रमांक टाकते, शिक्का उचलते,
शाईचं पॅड कोरडं.
वाटीतलं दोन थेंब पाणी टाकून
ती अंगठ्यानं ते दाबत राहते.